जिथे जागा, तिथे

भिवंडीत पत्ता सांगण्याची एक स्वतंत्र शैली आहे. ‘बिल्डिंग ई-सात, गाळा नंबर पाच ते नऊ, अमुक कंपाउंड, तमुक पेट्रोलपंपाच्या मागे, दापोडे.’ यातला शब्दन् शब्द खरा असतो आणि तरीही एवढ्या भांडवलावर कुणी वेळेत पोहोचल्याचं ऐकिवात नाही. ई-सहाच्या शेजारी ई-सात असेलच असं नाही. तिथे बी-अकरा असू शकते, कारण मालकाला मधली जमीन नंतर मिळाली. ट्रकवाला नागपूरचा असो की नामक्कलचा, मोबाइलमधला नकाशा बघत बघत इथवर येतो आणि शेवटच्या किलोमीटरला काच खाली करून पानटपरीवाल्याला विचारतो. टपरीवाला चुना लावता लावता, मान वर न करता सांगतो, “आगे से राइट, खड्डे के बादवाला गेट. लेकिन अभी मत जाओ, अंदर दो कंटेनर फँसे हैं.” नकाशात गेट असतं. फसलेले कंटेनर टपरीवर कळतात.

हा सगळा पसारा जकातीनं उभा केला. मुंबई महापालिकेची जकात जिथे संपायची, त्याच्या अलीकडे मुंबईचा माल उतरवून ठेवणं व्यापाऱ्याला परवडायचं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली, दापोडे ही भाताची गावं. तिथे आधी पत्र्याच्या शेड आल्या, मग गाळे आले, मग एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये अशी गोदामं आली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, मुंबईची जकात गेली. आता गोदामंही जातील असं काही जाणकार म्हणाले. गोदामं वाढली. जाणकारही आहेत तिथेच आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. ५ जून २०१३ रोजी अ‍ॅमेझॉननं भारतात आपलं ऑनलाइन दुकान उघडलं, तेव्हा त्यांचं देशातलं पहिलं गोदाम भिवंडीत होतं. सुमारे दीड लाख चौरस फुटांचं. आणि पहिल्या दिवशी विकायला ठेवलं काय, तर पुस्तकं आणि सिनेमे. म्हणजे ज्या भिवंडीकडे शेजारची शहरं ‘तिकडे काय, माग आणि खड्डे’ अशा नजरेनं बघतात, तिथे देशभरच्या वाचकांची पुस्तकं मुक्कामाला होती. गावात याचा कुणाला पत्ता नव्हता. पुण्यात असं काही झालं असतं तर दोन परिसंवाद आणि एक स्मरणिका नक्की निघाली असती.

या जातीच्या मोठ्या गोदामात माल कसा लावतात, हे मला आमच्या गल्लीतल्या एका मुलानं सांगितलं. तो अशाच एका गोदामात कामाला आहे. माझी समजूत अशी, की एवढी पुस्तकं म्हणजे विषयवार कपाटं असणार, वर पाट्या असणार. तो हसला. “नाही हो काका. जिथे जागा, तिथे ठेवायचं.” हातातल्या स्कॅनरनं आधी वस्तूचा बारकोड टिपायचा, मग जो खण रिकामा दिसेल त्याचा, की झालं. ज्ञानेश्वरीच्या एका बाजूला कुकरची शिटी, दुसऱ्या बाजूला मोबाइलचं कव्हर. दुसरी ज्ञानेश्वरी पार चौथ्या रांगेत, मुलांच्या रंगपेटीशेजारी. कुठे काय आहे ते संगणकाला ठाऊक. तो सांगेल त्या खणापाशी जायचं आणि वस्तू काढायची.

“पण दोन्ही ज्ञानेश्वऱ्या एकत्र ठेवल्या तर बिघडलं काय?”

“तिथेच तर घोटाळा होतो, काका. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारी असल्या की घाईत चुकीची उचलली जाते. सटीप आणि बिनटीप. शिटी आणि ज्ञानेश्वरीत कोण गोंधळेल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सारखं सारख्याशेजारी ठेवावं, हा माणसानं ज्ञान लावून ठेवण्याचा पहिला नियम, असं मी आजवर धरून चाललो होतो. इथे नेमका त्याच्या उलट नियम होता, आणि त्यावर दिवसाला ढिगांनी माल निघत होता.

घरी आल्यावर लक्षात आलं, की ही पद्धत अमेरिकेहून यायची काहीच गरज नव्हती. माझ्या आईचं स्वयंपाकघर याच तत्त्वावर चाले. ‘साखर’ असं कोरलेल्या डब्यात डाळीचं पीठ, बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा, डालड्याच्या डब्यात तूर, आणि ‘तूर’ म्हणून जो होता त्यात साखर. मुंग्या लागू नयेत म्हणून ही योजना आहे असं आम्ही लहानपणी समजत होतो; मुंग्यांना वाचता येतं असा आमचा ग्रह असावा. आई घरात असेपर्यंत या व्यवस्थेत कधी चूक झाली नाही. डोळे मिटून हात घालायची आणि हवं ते निघायचं. ती मावशीकडे गेली की मात्र सगळा कारभार ठप्प. वडील ट्रंककॉल लावायचे. पलीकडून आवाज यायचा, “तुरीच्या डब्यात बघा. आणि तूर हवी असेल तर डालड्याच्या.” तीन मिनिटांच्या कॉलमध्ये दोन डब्यांचा उलगडा व्हायचा. मेथीदाणे मात्र ती परत आल्यावरच सापडायचे.

तेव्हापासून मी या दोन पद्धतींकडे जरा आदरानं बघतो. ‘जिथे जागा, तिथे’ या पद्धतीत जागा वाया जात नाही, हात पटकन चालतो. पण सगळा भार एका डोक्यावर पडतो. ते डोकं आईचं असेल, नाहीतर संगणकाचं. ‘सारखं सारख्याशेजारी’ या पद्धतीत जागा वाया जाते, वेळ जातो, वाद होतात. पण डोकं गावाला गेलं तरी चालतं. नीट लावलेलं कपाट ही मुळात परक्या माणसाची सोय. जो आपल्याला ओळखत नाही, आपण नसताना येणार आहे, त्याच्यासाठी आपण पाट्या लिहितो. आईला पाट्या लागत नव्हत्या, कारण तिच्या स्वयंपाकघरात परकं कुणी शिरेल हे तिला मंजूरच नव्हतं.

परक्याची सोय करायची हौस आपल्याकडे दांडगी होती. शेजारच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं, त्यात ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे पुढे होते. त्यानंतर ग्रंथालयांच्या या धंद्याला शास्त्र दिलं ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचा माणूस. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, प्रशिक्षणासाठी लंडनला गेला, आणि तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यानं मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण जोडाल तशी वस्तू तयार. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल असं त्याच्या मनात आलं, आणि त्यातून द्विबिंदू वर्गीकरण निघालं. लंडनला खेळण्यांच्या दुकानात आपणही गेलो असतो. पण आपण भाचीसाठी खेळ विकत घेऊन आलो असतो.

त्यांच्याआधीची, जगभर चालणारी पद्धत ड्युईची, १८७६ सालची. सगळं ज्ञान दहा खणांत. तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ असा आकडा आहे, आणि तो बघून आपण आठशेनव्वद जणांच्या मागे रांगेत उभे आहोत असं वाटतं. पण मला तिच्यातली आमच्या गावाची जागा फार आवडते. हातानं विणणं येतं ७४६ मध्ये, म्हणजे कलांच्या खणात. कापड कारखान्यात निघायला लागलं की ते ६७७, म्हणजे तंत्रविद्येत. भिवंडीत उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर हातमाग चालवत होते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली आणि त्याच घरांत, त्याच जागी यंत्रमाग बसले. म्हणजे एकाच घरातले आजोबा ७४६ आणि नातू ६७७. दोघांच्या मधे घरबांधणीपासून शिल्पकलेपर्यंत सगळं जग, आणि दोघे जेवायला एका दस्तरखानावर.

आमच्या भागातल्या वाचनालयाला ड्युई आणि रंगनाथन दोघेही फोटोपुरतेच ठाऊक आहेत. तिथे कादंबरी, कथा, चरित्र, ललित, धार्मिक असे ढोबळ गट, आणि गटात पुस्तकं दाखल क्रमांकानं. जे आधी आलं ते आधी. सरकारी नोकरीतल्यासारखी सेवाज्येष्ठता. त्यामुळे १९७२ साली विकत घेतलेला एक सामान्य लेखक अजून पहिल्या खणात ऐटीत बसलेला आहे आणि त्याच्याहून दसपट मोठा लेखक, केवळ देणगीत उशिरा आला म्हणून, खाली झुरळांच्या पातळीवर.

पण तिथे देवघेवीच्या टेबलावर बाई आहेत. मी एकदा एक जाडजूड चरित्र काढून पुढे ठेवलं, तर त्यांनी शिक्का हातातच धरला. “सर, मागेही नेलं होतंत. पन्नासाव्या पानावर बसचं तिकीट ठेवून परत आणलंत.” मग उठून एक बारीकसं प्रवासवर्णन आणून दिलं. “हे न्या. तुमचंच आहे.” ते खरोखर माझंच निघालं. मोठी दुकानं आता ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सुचवतात, आणि ते पुष्कळदा बरोबर निघतं. शिटीशेजारी ठेवलेल्या ज्ञानेश्वरीला संगणकाच्या वहीत शेवटी तिचे खरे शेजारी मिळतातच. पण दुकानाला कळतं कोणी काय घेतलं. बाईंना कळतं कोणी काय वाचलं, आणि कोणी नुसतंच काखेत मारून स्टँडपर्यंत मिरवलं. हा दुसरा दफ्तरखाना फार स्फोटक आहे. तो बाईंच्या डोक्यात आहे म्हणून गावात शांतता आहे.

सगळ्यात सभ्य दिसणारी आणि आतून सगळ्यात बेबंद पद्धत म्हणजे अकारविल्हे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेही लिमिटेड कंपनी काढून, भागभांडवल गोळा करून, गावोगाव वर्गणीदार शोधत हिंडून. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा येईपर्यंत पुढचं शतक उजाडलं. एवढ्या थोर माणसांनी सगळं ज्ञान गोळा केलं आणि लावलं कसं, तर जिथे अक्षर तिथे. अकारविल्हे बसवलं तर भिवंडीच्या अलीकडे भिल्ल येणार आणि पलीकडे भिशी. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर ही आमची खरी भावंडं पार वेगवेगळ्या खंडांत. भिशी शेजारी आली हा मात्र योग म्हणायचा, कारण या गावातले निम्मे माग भिशीच्या पैशावर उभे राहिले असं खुद्द मागवालेच सांगतात.

आता मागाकडे येतो, कारण यंत्रात ज्ञान भरून ठेवायची सुरुवात तिथेच झाली. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये लियाँच्या जाकारनं मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ बसवली. पत्त्याला भोक असेल तिथला दोरा उचलायचा, नसेल तिथला राहू द्यायचा. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर फुलं, पानं, मोर सगळं विणता येतं. १८३९ मध्ये लियाँतच खुद्द जाकारचं रेशमी चित्र असं विणलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. त्यातली एक प्रत इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजकडे होती. त्यानं आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते घेतले. पुढे १८९० ची अमेरिकेची जनगणना हॉलरिथनं भोकं पाडलेल्या पत्त्यांवरच मोजली, आणि तिथून संगणकाची वंशावळ सरळ खाली येते. आमच्याकडे बहुतेक माग साधं कापड काढतात. पण डॉबीच्या मागावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते आणि तिच्यात नक्षीप्रमाणे खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी आहे, खुंटी नाही. संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यात मुलांना जे एक आणि शून्य शिकवतात, ते भिवंडीत बोटानं चाचपून बघता येतं, आणि बोटाला तेल लागतं.

साठवलेलं किती टिकेल याची काळजी त्याहून जुनी. भिवंडी तालुक्यातच लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२३९ च्या आसपासचा शिलालेख सापडला. कोणाला काय दान दिलं ते दगडावर, म्हणजे बॅकअपची भानगड नाही. शिलाहारांच्या मुलुखात असल्या कित्येक दगडांवर दान मोडणाऱ्याला शाप दिलेला असतो आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी खाली गाढवाचं चित्र कोरलेलं असतं. त्या चित्रात नेमकं काय चाललं आहे ते इथे लिहिता येणार नाही. पण आजचा कुठलाही पासवर्ड इतका परिणामकारक नाही, हे नक्की.

तर पत्त्यात नक्षी मावते, दगडात दानपत्र मावतं. जॉबर कशात मावतो? माग बिघडला की ज्याला बोलावतात तो जॉबर. कारखान्यात शंभर माग एकदम चालू असतात, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, आणि त्या गदारोळात शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. विणकर पद्मानगरातला तेलुगू पद्मशाली असू शकतो, मऊचा अन्सारी असू शकतो, बिहारचा असू शकतो. मेहताजी कच्छचा, मालक इथला. समान भाषा नाही, आणि असती तरी ऐकू आली नसती. त्यामुळे या धंद्यातलं शिक्षण सगळं डोळ्यांनी आणि हातवाऱ्यांनी होतं. आमच्या ओळखीचे एक जॉबर चाचा आहेत. ते दारातून आत येतात, थांबतात, आणि शंभरातल्या नेमक्या एका मागाकडे बोट करतात. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणतात, “खाँसता है.” यापुढे त्यांना स्पष्टीकरण देता येत नाही आणि मागितलेलं आवडत नाही.

आता बोलणारी यंत्रं आली आहेत. २०१३ सालीच, म्हणजे भिवंडीत ट्रक पुस्तकं उतरवत होते त्याच सुमारास, गूगलमधल्या संशोधकांनी शब्द आकड्यांच्या लांबलचक यादीत बसवायची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. जे शब्द एकसारख्या संगतीत येतात ते आकड्यांतही जवळजवळ बसतात. म्हणजे गोदामातल्या यंत्रानं मोडलेला शेजार दुसऱ्या यंत्रानं पुन्हा मांडला: धोट्याजवळ सूत, सुताजवळ साडी. हे मला मनापासून आवडलं. यातल्या एका यंत्राशी मी अधूनमधून गप्पाही मारतो. ते नम्र आहे, शुद्ध बोलतं, वाक्य अर्धं सोडत नाही. माझी एकच तक्रार आहे: त्याला टपरीवाल्याचं एक वाक्य सहजी जमत नाही. टपरीवाल्याला ठाऊक नसलं की तो पिचकारी टाकतो आणि म्हणतो, “अपने को नहीं मालूम. उधर नीली कमीजवाले को पूछो.” आपल्याला माहीत नाही, पण कोणाला माहीत आहे ते माहीत आहे. भिवंडीचं निम्मं ज्ञान या निळ्या शर्टवाल्याच्या रूपात साठवलेलं आहे. त्याला दाखल क्रमांक नाही, बारकोड नाही, आणि उद्या तो हिरवा शर्ट घालून आला तर सगळी सूची नव्यानं करायची.

वाचनालयाचं संगणकीकरण नुकतंच सुरू झालं आहे. दोन मुली सुट्टीत येऊन नोंदी भरतात. प्रत्येक पुस्तकापुढे ‘शेरा’ असा एक रकाना आहे आणि त्यात काय भरायचं ते कुणी सांगितलेलं नाही. बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. शेऱ्यात त्या मुलींना सांगतात, “लिही, पाने चाळीस ते छप्पन नाहीत, दामल्यांच्या मुलानं फाडली,” आणि मग क्षणभर विचार करून, “नाव नको लिहू. आता तो बँकेत आहे.”

चाचांकडे त्यांच्या पुतण्यानं असाच आग्रह धरला. म्हणाला, तुम्हाला येतं ते सगळं मोबाइलवर चित्रित करून ठेवू, पोरं बघून शिकतील. दोघांनी कारखान्यात उभं राहून अर्ध्या तासाचं चित्रण केलं. चाचा पूर्ण वेळ तळमळीनं समजावत होते, असं त्यांच्या हातांवरून दिसतं. ऐकू येतो तो फक्त शंभर मागांचा खडखडाट. पुतण्यानं ते टाकून द्यायचं ठरवलं होतं. पण कुठून तरी ते मालेगावला पोहोचलं, तिथून इचलकरंजीला, आणि चाचांना फोन यायला लागले. पलीकडचा माणूस दुवा-सलाम झाला की काही बोलत नाही. फोन सरळ मागाजवळ धरतो. चाचा रस्त्यात असले तर चहाच्या टपरीच्या आडोशाला सरकतात, एका कानात बोट घालतात, दुसऱ्या कानाला फोन लावून डोळे मिटून ऐकतात. परवा मी शेजारी उभा होतो. बराच वेळ ऐकलं आणि वैतागून म्हणाले, “अरे भाई, पहले वो पंखा बंद कर. पंखे का बेअरिंग गया है तेरा.”